कुलूप लागलेल्या मिलसाठी घेतलेला डिप्लोमा

मी इंजिनियरिंगची डिग्री सोडून टेक्सटाइल टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा घेतला, तेव्हा मिलच्या गेटाला कुलूप होतं. हे सांगितलं की लोकांना वाटतं, मार्क कमी पडले असतील. तसं नव्हतं. प्री-इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेत माझा नंबर लागला होता आणि इलेक्ट्रॉनिक्सची जागा मिळत होती.

बाबा मिलच्या विणाई खात्यात जॉबर होते, म्हणजे माग अडला की तो चालू करून देणारे. मिल बंद पडल्यावरही ते रोज सकाळी डबा घेऊन गेटावर जात. सगळेच जात. युनियनचं कुणीतरी बोलायचं: बोलणी सुरू आहेत, नवीन मशीन येणार, शिकलेले लोक लागतील, कामगारांच्या मुलांना पहिला चान्स. मग डबे खाऊन सगळे घरी. मल्हारगंजच्या आमच्या गल्लीत निम्मी घरं मिलची. कुणाचं लग्न, कुणाचं छप्पर, सगळं ‘मिल चालू झाली की’. ती चालू होणार नाही, असं म्हणणं म्हणजे आजारी माणसाच्या उशाशी बसून तेराव्याचं बोलणं.

निकालानंतर मामा आला. रेल्वेत क्लार्क, जिभेला तिखट.

“टेक्सटाइल? भावजी, गेटाला ताला लागलाय आणि तुम्ही पोरीला आत पाठवताय?”

“ताला आज आहे, उद्या निघेल,” बाबा म्हणाले. “इंजिनियर लोक ऑफिसात बसून सह्या ठोकतात. मशीनवाल्याला काम कमी नाही.”

“मशीनच बंद, तर मशीनवाला काय करणार? भजन?”

“तुझं बरंय. गाडी लेट झाली तरी पगार टाइमवर.”

आई हसली. बाबा माझ्याकडे वळले. “तू बोल. तुला काय करायचंय?”

मला इलेक्ट्रॉनिक्स हवं होतं. पण ते मामासमोर म्हणणं म्हणजे बाबांना तोंडावर सांगणं, की तुमची मिल संपली. मी म्हटलं, “टेक्सटाइल.”

डिप्लोमा झाला. कुलूप तसंच राहिलं, वर शहरातल्या बाकीच्या मिलही बंद पडल्या. मला पीथमपूरला एका सूत कारखान्यात सूत तपासायच्या खोलीत नोकरी मिळाली. काम चांगलं होतं, मला येतही होतं. दर पावसाळ्यात डिग्रीवाली नवी मुलं ट्रेनी म्हणून यायची. मी त्यांना मशीन समजावून द्यायची, ती “मॅडमजी, मॅडमजी” करत शिकायची आणि थोड्याच दिवसांत माझ्या रिपोर्टवर सही करायला लागायची. त्यांचा काही दोष नव्हता. डिप्लोमावाला सुपरवायझरच्या पुढे जात नसे, एवढंच. पुढे डिग्री करता आली असती, पण नोकरी, लग्न, मुलं आणि रोजची बस यांत ते राहून गेलं.

मिलमधले माग भंगारात निघाले, तेव्हा बाबा बघायला गेले आणि तिथून थेट आमच्या सुदामा नगरच्या घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, “तू डिग्रीच करायला पाहिजे होती.”

माझं डोकं फिरलं. “बाबा, मिल चालू होणार, असं तुम्हालाच वाटत होतं ना?”

“मला कुठे वाटत होतं? बंद व्हायच्या आधीच सुटे भाग येणं थांबलं होतं. जुन्या मागांचे तुकडे लावून चालवत होतो आम्ही.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुझ्या मामासमोर? म्हणून तर तुला विचारलं. तू इलेक्ट्रॉनिक्स म्हणाली असतीस, तर मी हो म्हणून मोकळा झालो असतो. पण तू फटकन टेक्सटाइल म्हणालीस. मला वाटलं, शिकलेली पोर आहे, हिला काहीतरी दिसत असेल. मग मलाही वाटायला लागलं, की होईल चालू.”

मला काहीही दिसत नव्हतं. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचा चहा संपल्यावर स्कूटर काढली आणि त्यांना मल्हारगंजला सोडून आले.