आमच्या व्याह्यांची तिसरी अट

इंग्रजी बोलण्याआधी त्या बोलण्याची पत्रिका पाहणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो माझ्या सुनेचा बाप आहे. आमचे व्याही पाटबंधारे खात्याच्या कचेरीत पस्तीस वर्षं टायपिस्ट होते. साहेब सांगतील ते इंग्रजी जसंच्या तसं टाइप करायचं, चूक दिसली तरी सुधारायची नाही, असा तिथला नियम. त्या पस्तीस वर्षांत पोटात साठलेलं बरोबर इंग्रजी बाहेर काढायलाच ते इथे अमेरिकेत, कॅरीला, लेकीच्या घरी आले असावेत. मीही त्याच घरात नातीला सांभाळायला राहते. मी चौथी शिकलेली. त्यामुळे ते इंग्रजीत काही बोलले की मला शेजारी आरती चालू असल्यासारखं वाटायचं. अर्थ कळो न कळो, उभं राहावंसं वाटायचं.

त्यांची रीत अशी. एखादी फ्रेज कानावर पडली की ती लगेच वापरायची नाही. आधी वहीत लिहायची, मग तीन वेगवेगळ्या अमेरिकन माणसांच्या तोंडून ऐकायची, आणि मग तिला शोभेल असा प्रसंग येईपर्यंत लोणच्यासारखी मुरत ठेवायची. ‘द लास्ट स्ट्रॉ’ आठ महिने मुरत होती. म्हणजे लादलेल्या उंटाच्या पाठीवरची ती शेवटची काडी, जिच्यानंतर तो बसतोच. एका शनिवारी सकाळी डिशवॉशर बंद पडला, दुपारी कपड्यांचं मशीन अडकलं आणि संध्याकाळी सिंकखालचा पाइप फुटला. मी जुन्या चादरी टाकतेय, सून बादल्या आणतेय, आणि आमचे व्याही मोज्यांसकट पाण्यात उभे, चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. “धिस इज द लास्ट स्ट्रॉ!” ते म्हणाले. “बाबा, आधी तो व्हॉल्व्ह बंद करा ना!” सून ओरडली. प्लंबर आला, तर त्याला पाइप दाखवण्याआधी त्यांनी सकाळपासूनची हकिगत सांगितली आणि फ्रेज बरोबर जागी पडली का, ते विचारलं. तो म्हणाला, परफेक्ट. जाताना त्याला डबाभर चकल्या मिळाल्या.

नात त्यांना हसायची. “आजोबा, नोबडी टॉक्स लाइक दॅट!” त्यावर ते गंभीरपणे म्हणायचे, “नोबडी टॉक्स करेक्टली, बेटा.” जेवायला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणी फ्रेज चुकीची वापरली तर ते काही बोलत नसत, पण त्यांचा घास हातातच थांबायचा. मला ते दिसायचं, आणि त्या माणसाने काय चूक केली असेल याचा विचार करत मी पोळ्या लाटायची.

वहीतल्या बहुतेक फ्रेजा अशा वापरून झाल्या. एकच उरली होती, ‘कट डाऊन टू साइज’. मी मेथी निवडत असताना त्यांनी मला ती समजावली. “विहीणबाई, हिच्या तीन अटी आहेत. एक, माणूस आपल्या मापापेक्षा फुगलेला हवा. दोन, त्याला दुसऱ्या कोणीतरी खाली आणायला हवं. आणि तीन, तो बरोबर मापावर यायला हवा. मापाच्या खाली गेला, तर तो अन्याय झाला. त्याला ही फ्रेज चालत नाही.”

“म्हणजे दूध वर आलं की गॅस बारीक करतो तसं,” मी म्हटलं. “ते बसतं भांड्यात. सांडलं तर नाही चालायचं.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग खिशातून पेन काढून त्यांनी माझं ते दूध वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं कोणी लिहून घेतल्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. मेथीची एक आख्खी जुडी मी काड्यांसकट निवडली.

पण प्रसंग मिळेना. कोपऱ्यावरच्या घराचं उंच पाइनचं झाड वाऱ्यात कलंडलं म्हणून तिथल्या लोकांनी ते अर्ध्यातून कापलं, तेव्हा नात म्हणाली, “लुक, दे कट इट डाऊन टू साइज!” व्याही हळहळले. “झाड कुठे फुगलं होतं गं?” कॉलनीच्या कमिटीचा अध्यक्ष निवडणुकीत पडला, तेव्हा दोन दिवस विचार करून त्यांनी त्यालाही सोडून दिलं. म्हणाले, पहिली अट जेमतेम बसते.

आणि मग माझा मुलगा त्याच्या कंपनीत डायरेक्टर झाला.

आई असून लिहिते, तो फुगला. फोनवर बोलताना घरभर फेऱ्या मारायला लागला. आम्ही काही विचारलं तर “शॉर्टमध्ये सांगा” म्हणायला लागला. एकदा घरी आठदहा पाहुणे होते, तेव्हा व्याह्यांच्या खांद्यावर हात टाकून तो म्हणाला, “आमच्या बाबांनी लाइफभर दुसऱ्यांचं इंग्लिश टाइप केलं यार, आता स्वतःचं सर्च करतायत!” सगळे हसले. व्याहीही हसले, जरा उशिराने. मुलीच्या बापाने जावयाला उलटून बोलायचं नाही, ही रीत त्यांनी समुद्र ओलांडून सोबत आणली होती. अधिक महिन्यात त्यांनी याच जावयाच्या हातात अनारशांचं तबक ठेवून नमस्कार केला होता. मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन मुलाला दोन शब्द बोलायला हवे होते. नाही बोलले. पण त्या दिवसापासून मला धास्ती बसली. पहिली अट माझ्याच घरात पूर्ण झाली होती. उरलेल्या दोन झाल्या तर हा माणूस तोंड उघडेल आणि माझ्या मुलाला ते आयुष्यभर लागेल.

दुसरी अट वसंतात पूर्ण झाली. एका दुपारी चार वाजताच मुलगा घरी आला आणि बूट न काढता जेवणाच्या टेबलाशी बसला. त्याचा विभाग दुसऱ्या विभागात मिसळला होता. नोकरी राहिली, पण पद गेलं. ज्या मुलीला त्याने स्वतः कामावर घेतलं होतं, तिच्या हाताखाली आता काम करायचं होतं. सून ऑफिसात, नात शाळेत. घरात आम्ही तिघंच. मुलाने खाली बघत सगळं सांगितलं. मी व्याह्यांकडे पाहिलं. त्यांनी घसा साफ केला.

मुलगाच म्हणाला, “बोला ना बाबा. तुमची ती फ्रेज. कट डाऊन टू साइज. आता तर करेक्ट बसते ना?”

व्याह्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. कचेरीतला कागद तपासावा तसं त्यांनी माझ्या मुलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “नाही बसत, जावईबापू.”

“का?”

“तिसरी अट. तुम्हाला त्यांनी मापाच्या खाली आणलंय. तुमचं माप मोठं आहे. चुकीचा वापर होईल.”

“शुअर?” माझा मुलगा लहानपणी निकालाच्या दिवशी विचारायचा तसं त्याने विचारलं.

“पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांचं चुकीचं इंग्रजी टाइप केलं. स्वतःच्या तोंडाने नाही बोलणार.”

मुलाने टेबलावर डोकं टेकलं. त्याची पाठ हलत होती. व्याही उठून पाठमोरे झाले आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं, त्यात आलं जरा जास्तच पडलं.

दुसऱ्या दिवशी फिरायला गेलो, तेव्हा मी धीर करून विचारलं, “खरं सांगा व्याहीबुवा, बसत होती ना?” ते चालता चालता थांबले. मग म्हणाले, “विहीणबाई, इतकं कळतं तुम्हाला, तुमची शाळा चौथीतच सोडवली कोणी?” मी पदर नीट केला. पुढे आम्ही हवेबद्दल बोललो.

महिन्याभराने ते भारतात परत गेले. आता ते यायचे नाहीत, गुडघे ऐकत नाहीत. विमानतळावर माझा सहा फूट उंच मुलगा ट्रॉल्यांच्या त्या गर्दीत त्यांच्या पायाशी वाकला. इतका खाली तो कधी माझ्यासमोरही वाकला नव्हता. व्याही गोंधळले, जावयाला उठवायला स्वतःच वाकले, आणि दोघं बराच वेळ तसेच राहिले. अशा वेळी इंग्रजीत काय म्हणतात, ते मी विचारणार होते. पण त्यांचे ओठ नुसतेच हलत होते, म्हणून राहू दिलं.