मी लिहिलेलं कारण

अमरावतीत आमच्या कॉलनीत कुणाच्या घरी मरण झालं, की थोड्या वेळाने कुणीतरी माझ्या फाटकाशी येऊन उभं राहतं. मी कॉलेजात मराठी शिकवत होतो. निवृत्त झाल्यापासून माझी गल्लीतली ओळख एवढीच उरली आहे, की सर निधन-वार्ता चांगली लिहून देतात. तिचा साचा ठरलेला असतो. नाव, राहण्याचं ठिकाण, कशाने निधन झालं, वय, पश्चात कोण, आणि शेवटी ‘असा बराच मोठा आप्तपरिवार आहे’. पूर्वी ‘कशाने’च्या जागी मी बहुतेक वेळा ‘वृद्धापकाळाने’ लिहीत असे.

अलीकडे त्या जागी मी अडतो. मोर्शीकडच्या एका संत्रेवाल्याचा मुलगा बहिणीच्या हळदीत नाचता नाचता खुर्चीवर टेकला आणि उठलाच नाही. अंजनगाव सुर्जीचा एक तरुण शिक्षक शाळेतून येऊन सोफ्यावर आडवा झाला; बायको चहा घेऊन आली तेव्हा तो गेलेला होता. आजार नाही, अपघात नाही. असे मृत्यू खरंच वाढले आहेत की माझ्याच कानावर जास्त येतात, हे मला सांगता यायचं नाही. आकड्यांतलं मला कळत नाही. ‘पश्चात आई, वडील’ हे शब्द मात्र आता मला वरचेवर लिहावे लागतात.

माझ्या भाच्याची निधन-वार्ताही मीच लिहिली.

तो अकोल्याला, माझ्या धाकट्या बहिणीचा थोरला. सत्तावीस वर्षांचा. बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरीला होता, दिवसभर मोटरसायकलवर गावोगाव फिरायचा. मे महिना होता. समोरच्या खोलीत कूलर लावून झोपला. सकाळी बहिणीने दोनदा हाक मारली, मग कूलर बंद केला, म्हणजे तरी उठेल म्हणून. तो उठला नाही.

मी पोचलो तेव्हा त्याला दवाखान्यातून परत आणलं होतं. शवविच्छेदन करायचं का, असं तिथे विचारलं गेलं होतं. मेव्हणे म्हणाले, “त्याले आता कापू नका.” ओळखीच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’. दारातल्या मांडवात माणसं बसली होती.

“जिमले जात होता का?”

“नाही बा.”

“मंग ते पावडर-बिवडर?”

“जिमलेच जात नव्हता म्हणतो, तर पावडर कायले खाईन?”

“मोबाइल उशाशी ठेवून झोपत होता म्हणते.”

“मोबाइल तर तूही ठेवतं उशाशी. तू काहून जित्ता आहे मंग?”

एकजण म्हणाला, कोरोनापासून हे असंच चालू आहे. दुसऱ्याने बाहेरच्या चायनीजच्या गाडीकडे बोट केलं. प्रत्येकाजवळ एक कारण होतं आणि ते सांगून झालं की माणूस जरा सैल होऊन बसायचा. मला त्यांचा राग आला होता. पण तासाभराने मीही तेच केलं.

वार्ता लिहायला घेतली तेव्हा डॉक्टरांचा शब्द मला अपुरा वाटला. हृदयक्रिया कुणाची बंद पडत नाही? नव्वदीच्या म्हातारीचीही पडते. त्यातून काहीच कळत नव्हतं. मी लिहिलं, ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’. वाक्य नीट बसलं. येणाराजाणारा सारखं विचारत होता, त्यालाही उत्तर मिळेल असं वाटलं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि मेव्हण्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते पेपरात छापून आलं, आणि घरातलं ‘काय झालं असेल’ त्या दिवसापासून बंद झालं.

तेराव्याला माझ्या लक्षात आलं की पंगतीत भातावर तूप वाढलं जात नाहीये. मला वाटलं, गडबडीत राहिलं असेल. मी आत जाऊन विचारलं, तर बहीण चुलीपाशी उभी होती. म्हणाली, “या घरात आता तूप नाही येणार, दादा.” तो गेला त्याच्या आदल्या रविवारी तिने गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे केले होते. वांग्याची भाजी, आणि कुस्करलेल्या रोडग्यावर वाटी वाटी तूप. तो नको नको म्हणत होता, हिनेच ओतलं होतं. “पेपरात आलं ना, हार्टअटॅक. मीच घातलं त्याच्या छातीत तूप.”

मी तिथेच सांगायला हवं होतं की ते पेपरने शोधलेलं नाही, मी लिहिलेलं आहे. मी म्हणालो, “असं एका दिवसाच्या तुपानं नाही होत.” आणि बाहेर येऊन बसलो.

भाची, त्याची धाकटी बहीण, अमरावतीला एम.एस्सी. करते. वसतिगृहात राहते, रविवारी आमच्याकडे जेवायला येते. भावाच्या वर्षश्राद्धाला महिना होता तेव्हा ती जेवताना सहज म्हणाली, “मामा, जिना चढली की छातीत पाखरू फडफडल्यासारखं होते. परवा तर डोळ्यापुढं अंधारीच आली.” मी ताट तसंच ठेवलं.

डॉक्टरांकडे मीच तिला घेऊन गेलो. तरुण डॉक्टर होते, शांत बोलणारे. घरात कुणी कमी वयात गेलं आहे का, त्यांनी विचारलं.

“माझा भाऊ. हार्टअटॅकनं.”

“आधी काही त्रास होता? तपासण्या झाल्या होत्या?”

“नाही.”

“शवविच्छेदन?”

“नाही.”

“मग हार्टअटॅक, हे कोणी सांगितलं?”

ती जरा गोंधळली. “पेपरात आलं होतं ना.”

मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. “ते मी लिहिलं होतं,” मी म्हणालो. भाचीने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की या वयात अचानक मृत्यू झाला तर झटका हे एक कारण असू शकतं, पण हृदयाची लय बिघडण्याचे काही प्रकार असतात, ते भावंडांत उतरू शकतात, आणि माणूस गेल्यावर मागे खूण राहत नाही. भाचीच्या पुढच्या तपासण्या करायलाच हव्यात. भाऊ लहानपणी कधी बेशुद्ध पडला होता का, तेही विचारून या. ते त्याच्या आईलाच माहीत असेल.

परत येताना रिक्षात भाची म्हणाली, “आईले फोनवर नका सांगू.” एवढंच.

आम्ही दोघं अकोल्याला गेलो. बहिणीने आधी भाचीच्या तब्येतीचं ऐकून घेतलं आणि मग हात झाडले. “काही गरज नाही तपासायची. त्याले तूप भोवलं. हिले तर मी वर्षभर तूप चाटूही देलं नाही. अन् पोरीचं लग्न जमवाचं आहे. दवाखान्यात चकरा मारून राहिली म्हणून गावभर झालं, तर कोण करीन?”

“तूप नाही भोवलं,” मी म्हणालो.

“पेपरात...”

“पेपरात मी लिहिलं होतं, बाई. डॉक्टरनं झटका म्हटलंच नव्हतं. वाक्य बरं दिसावं म्हणून मी लिहिलं. तो कशानं गेला, हे कोणालेच माहीत नाही.”

मेव्हणे पलंगावर बसले होते, ते उठून अंगणात गेले. बहीण माझ्याकडे वळली. “वर्षभर मी तुपाच्या बरणीले हात नाही लावला,” ती म्हणाली. “वर्षभर, दादा. तू दर महिन्याले आला. माझ्या हातचं कोरडं वरण-भात खाऊन गेला.”

मी डॉक्टरांचा प्रश्न विचारला. तो कधी बेशुद्ध पडला होता का?

ती लगेच ‘नाही’ म्हणाली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत थांबली. “शाळेत असताना एकदा पडला होता. सातवीत. धावण्याच्या शर्यतीत. सरांनी घरी आणून सोडला. ऊन लागलं म्हणून मी कांदा फोडून हुंगवला, कैरीचं पन्हं देलं. संध्याकाळी खेळाले पळाला.” मग म्हणाली, “अन् एकदा तळ्यावर...” तिच्या चेहऱ्याकडे पाहताना मला कळलं की मी तिच्या डोक्यावरून तुपाची बरणी उतरवली होती आणि त्या जागी हे ठेवलं होतं.

पण ती उठली, आणि भाचीला म्हणाली, “उद्याच जा. मामासंग जा.”

नागपूरला तपासण्या झाल्या. भाचीच्या हृदयाच्या लयीत दोष निघाला. वेळेवर आलात, तिथले डॉक्टर म्हणाले. रोज एक गोळी, धावपळ जपून, दर काही महिन्यांनी दाखवायचं. भावालाही हेच असेल का, असं मी विचारलं. “असू शकेल,” डॉक्टर म्हणाले, “पण आता सांगता येणार नाही.” मेव्हण्यांचं आणि बहिणीचंही तपासून घ्या म्हणाले. मेव्हणे अजून तयार होत नाहीत.

वर्षश्राद्धाची ‘पुण्यस्मरण’ची जाहिरात मी लिहिली नाही. भाचीने लिहिली. त्या जाहिरातीत कारणाचा उल्लेख नाही. तशी जागाच तिने ठेवली नाही.

आता ती वसतिगृह सोडून आमच्याकडे राहते. बहीण रोज दुपारी फोन करते. आधी विचारते, गोळी घेतली का. मी घेतली म्हणतो. मग फोन कानाशी तसाच धरून बसते. परवाही असंच झालं. तिच्याकडचा कूलर ऐकू येत होता.

“दादा,” ती म्हणाली, “तेव्हा सातवीत दाखवलं असतं तर?”

“माहीत नाही, बाई.”

“काही तर सांग. तुले तर लिहिता येते.”

माझ्या तोंडात एक वाक्य तयार झालं होतं. चांगलं वाक्य होतं, तिला त्याने बरं वाटलं असतं. मी ते बोललो नाही. तिनेही फोन ठेवला नाही.