फेट्यातला गणिती

कोणावर लिहावे असा माझा अधिकार नाही. लेखणी हाती धरली तीही चाळिशी उलटल्यावर. या धाडसाबद्दल आधीच क्षमा मागते. परंतु ओतूरच्या शाळेतील आमच्या गणिताच्या सरांवर अद्याप कोणी लिहिलेले नाही, आणि आता मी गप्प राहणे बरे दिसणार नाही.

सर कोणापुढे वाकत नसत. संस्थेचे अध्यक्ष वर्गात आले तरी हातातला खडू खाली ठेवत नसत. अपवाद एका तसबिरीचा. मद्रासला कारकुनी करता करता गणिताने जगाला थक्क करणाऱ्या आणि तरुणपणीच गेलेल्या त्या थोर माणसाचे चित्र त्यांनी गावातल्या पेंटरकडून काढून घेऊन वर्गात लावले होते. पेंटरचा हात पुढाऱ्यांचे फलक रंगवण्यात मुरलेला. त्याने सवयीने या गणितीलाही गुलाबी फेटा बांधला, वर झुबकेदार मिशा दिल्या. तपासणीला आलेले साहेब हसले, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं आलेल्या पावण्याला आमी फेटा बांधतोच, साहेब."

त्यांचा दुसरा हट्ट रीतीचा. उत्तर बरोबर आले तरी प्रश्न ठरलेला : "रीत कुणाची? तुझी का गाइडची?" गाइडची असली, तर फळा पुसून पुन्हा उभे करीत.

मी वर डोंगरातल्या आहुप्याची, वसतिगृहात राहणारी, वर्गात तोंड न उघडणारी. नव्वदच्या दशकात, मी नववीत असताना, तालुक्याच्या गणित स्पर्धेसाठी शाळेतून एकच नाव जायचे होते. सरांनी माझे दिले. मुख्याध्यापकांनी ते बदलून आळे गावात शिकवणी लावलेल्या एका मुलाचे घातले. डोंगरातल्या मुलींची दहावीनंतर लग्ने होतात, जागा वाया जाते, असे त्यांचे म्हणणे. सर त्यांना वर्गात घेऊन आले, १००३ च्या वर्गातून ९९७ चा वर्ग वजा करायला फळ्यावर लिहिले आणि आम्हा दोघांना उभे केले.

त्या मुलाने सूत्र घालून उत्तर काढले. मला सूत्र सुचेना. मी भाताचे एक मोठे चौकोनी खाचर काढले, कोपऱ्यातून लहान खाचर कापले आणि उरलेल्या दोन पट्ट्या टोकाला टोक जोडल्या. दोन हजार लांब, सहा रुंद. बारा हजार.

"उत्तर बरोबर आहे," मुख्याध्यापक म्हणाले, "पण हिचं सूत्र कुठंय?"

"आत्ता तुमच्या म्होरं केलं की तिनं. त्या कारकुनालाबी लोक हेच इचारत व्हते."

स्पर्धेत चित्रांना गुण नसतात, असे मुख्याध्यापकांनी ऐकवले. सरांनी खुर्ची ओढली, तसबीर भिंतीवरून उतरवली, काखेत मारली आणि दाराकडे निघाले. "मग ह्यालाबी हितं जागा न्हाई. आमी दोघंबी जातो."

"बसा हो सर," मुख्याध्यापक पुटपुटले. स्पर्धेला माझेच नाव गेले.

स्पर्धेत माझा नंबर आला नाही. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. सरांनी एवढेच विचारले, "रीत कुणाची व्हती?"

"माझी."

"मग रडती कशापायी?"

पुढे मी गणिताचीच शिक्षिका झाले. निवृत्त होताना सरांनी ती तसबीर माझ्या हाती दिली. त्यानंतर थोड्याच वर्षांत ते गेले. आज ती डोंगरातल्या आमच्या आश्रमशाळेत लावलेली आहे. तिच्याखाली मुली आपापल्या रीतीने गणिते मांडतात आणि एकमेकींशी भांडतात.

अलीकडे एक अधिकारी आले. चित्र चुकीचे आहे, मुलांसमोर खरा फोटो हवा, हे उतरवा, असे त्यांनी बजावले. आयुष्यात प्रथमच मी वरिष्ठांना नाही म्हणाले. खरा फोटो आणून शेजारी लावला. फेटा जागचा हलवला नाही. आता लेखी आदेश येणार आहे.

तुम्ही माझ्या जागी असता, तर तो फेटा उतरवला असता का?