पलीकडची हाक

माझे सासरे डॉमिंगो बहिरे झालेत, असं डॉक्टर म्हणतो. मी म्हणते, सोंग आहे. जेवायला कितीही हाका मारा, ढिम्म हलणार नाहीत. पण खाडीपलीकडून कुणी "तारी, होडी हाड रे" म्हणत होडी आणायला सांगितली की ताडकन उठणार!

गड नदीच्या मुखाशी, तोंडवलीत आमचं घर. पिढीजात धंदा तारीचा, म्हणजे माणसांना होडीतून पलीकडे पोचवायचं. पूर्वी मिठाची गलबतं इथून वर मसुऱ्यापर्यंत जायची म्हणे. मग पूल झाला, माणसं एसटीनं जाऊ लागली आणि तारी बसला घरी. आता पर्यटकांना खाडीत फिरवायचं. माझा नवरा वारल्यापासून त्यावरच चूल पेटते, पण म्हाताऱ्याला कोण सांगणार?

पलीकडची आनंदीबाई मात्र पूल झालाच नाही अशा थाटात काठावरून ओरडायची. मागच्या मे महिन्यात होडीत पुण्याचे पाहुणे, आणि या बाबानं अर्ध्या खाडीतून होडी वळवून तिला घेतलं. तिचा फणस पाहुण्यांच्या मांडीला मांडी लावून बसला. पाहुणे भडकले, आणि शिव्या कुणाला? मला! हाकेला गेला नाही तर तो तारी कसला, हे सासऱ्यांचं उत्तर. मग पुलावरून चालत यायला काय होतं म्हणून मी तिलाच झापलं, "आजये, पूल आसा मां! चलाक काय झाला?" ती नुसती हसली.

पावसात आनंदीबाई वारली. नाताळ जवळ आला, पाहुण्यांचे फोन सुरू झाले, तरी होडी खुंट्याला बांधलेलीच. सासरे काठावर खुर्ची टाकून पलीकडे बघत बसलेले. विचारलं तर एकच, आता हाक मारायला कोण उरलंय? मी रागावले, विनवलं, फादरना बोलावून आणलं. पालथ्या घड्यावर पाणी. दुसरा होडीवाला बघावा, तर ऐन मोसमात मोकळा कोण असतो? मोसम हातचा गेला तर वर्षभर खायचं काय, दगड?

शेवटी काल सकाळी मीच चिडून एसटीत बसले आणि पुलावरून पलीकडे गेले. आनंदीबाई उभी राहायची तिथेच काठावर उभी राहिले. कपडे धुणाऱ्या बायका टकामका बघत होत्या. मेली लाज, म्हटलं, आणि बोंब ठोकली, "तारी, होडी हाड रे!"

समोरची खुर्ची रिकामी झाली.

होडी काठाला लागली, तेव्हा सासरे घामानं निथळत होते.  मला होडीत चढायला हात पुढे करत म्हणाले, "मर्लिन, पूल आसा मां! चलाक काय झाला गो?"