तळघरातला गारवा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. सख्ख्या बहिणीपाशीही नाही. देवासमोर हात जोडते तेव्हाही मी दुसरंच काहीतरी पुटपुटते — त्याला काय कळत नाही? तुमच्याशी बोलते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर ‘किती चांगल्या बाई’ म्हणाला असता. सगळे तेच म्हणतात.

बोरगाव मेघ्यात आमचं घर होतं. मी आणि माझे यजमान, दोघंही सरकारी नोकरीत. यांना हौस फार — खाली तळघर पाहिजे म्हणे, उन्हाळ्यात गार राहील. आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं काढलाय, तो या हौसेला हसणार नाही. पण प्लॉट उताराचा, जमीन काळी. काळी माती आधी पाणी पीत राहते आणि पोट भरलं की सोडते. श्रावण लागला की तळघराच्या भिंती कमरेपर्यंत ओल्या. मग पोपडे, मिठासारखा पांढरा लोणा, आणि तो कुबट वास, जो दिवाळी झाली तरी जायचा नाही. आम्ही खोली बंदच ठेवायचो. आल्यागेल्याला सांगायचो, अडगळ आहे.

गुडघे बोलायला लागले तसं घर विकून लिफ्टच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. मिस्त्री म्हणाला, बाहेरून भिंतीच्या कडेनं खणून पक्कं काम करावं लागेल, वरवर रंग मारून हे जाणारं नाही. यांनी हात झटकले. जे घर विकायचंच, त्यात कशाला पैसा घाला? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग आम्ही दोघांनीच, भर उन्हाळ्यात, भिंत वरून कोरडी झालेली पाहून, पोपडे खरवडले. स्वस्तातली पुट्टी थापली. यांना वाटत होतं नुसता चुना पुरे. मी म्हटलं, चुन्यातून डाग वर येतील, खालच्या अर्ध्या भागाला चॉकलेटी ऑइल पेंट मारा, शाळेच्या भिंतीला असतो तसा. अक्कल माझी. हे मुद्दाम सांगते, कारण सगळं यांच्यावर ढकलायची मला जुनी खोड आहे. ऊद जाळून वास घालवला तोही मीच. तेरड्याचा रंग तीन दिवस — मला काय ठाऊक नव्हतं? पण मला तीनच दिवस हवे होते.

गिऱ्हाईक नवतप्यात, उन्हाळ्याच्या त्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत बोलवायचं, हेही माझंच डोकं. बाहेर अंगाची लाही, आणि खाली पाय ठेवला की गारवा. आंजी गावाकडचे लोक आले. संजय, शाळेत मास्तर. त्याची बायको सुनंदा. आणि त्याची म्हातारी माय. मायला दमा. जन्म टिनाच्या छपराखाली गेलेला. जिन्यावरून धापा टाकत उतरली आणि भिंतीला पाठ लावून खालीच बसली. “अवो बाई, किती थंड हाय वो!” तिच्या चेहऱ्यावर असं सुख आलं की काय सांगू. मी म्हटलं, “माय, इथं कूलरचीबी गरज नाई. तुमचीच खोली समजा.”

तो गारवा कशाचा होता? भिंतीच्या पोटातल्या पाण्याचा. मला माहीत होतं. त्याच संध्याकाळी संजयनं इसार दिला. “मायसाठीच घेऊन राह्यलो काकू,” म्हणाला.

तुम्ही म्हणाल, एवढंच? घर विकताना कोण हरिश्चंद्र असतो? खरं आहे — एवढंच असतं तर मी रेटून नेलं असतं. यांनाही एवढंच ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही.

भादव्यात सुनंदाचा फोन आला. महालक्ष्म्यांच्या जेवणाला या, काकू, तुमचंच घर आहे. जायचं मनात नव्हतं, पण त्या जेवणाला नाही कसं म्हणायचं? हे गावाला गेले होते, मी एकटीच गेले. आंबील, कढी, पुरणपोळी — पोरीनं जीव ओतून केलं होतं. माय मात्र वरच्या खोलीत खाटेवर बसून होती. झोपता येत नव्हतं तिला. श्वासाची घरघर पंगतीपर्यंत ऐकू येत होती. राहायला आल्यापासून ती तळघरातच झोपायची. भिंत फुगली तेव्हा तिला वर आणलं.

जेवण झाल्यावर संजय मला खाली घेऊन गेला. ऑइल पेंटला फोड आले होते, बोटानं दाबलं की पाणी यायचं. सुनंदा मागे उभी होती. घर घेतल्या घेतल्या तिनं बाहेरून त्या भिंतीच्या कडेला मोगरा, कर्दळ, अळू लावलं होतं. जन्मात पहिल्यांदा स्वतःचं अंगण मिळालं होतं तिला. संजयचं म्हणणं, हिच्या सकाळ-संध्याकाळ पाणी घालण्यानंच भिंतीत पाणी मुरलं. वाद जुना होता, ते दोघांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

“काकू, खरं सांगा,” तो म्हणाला, “तुमच्या टायमाले येत होती का अशी ओल?”

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं म्हणून सांगू — मी ‘हो’ म्हटलं की ती सुटत होती. एका शब्दात. आणि माझ्या डोक्यात काय आलं? हा पैसे परत मागेल. कॉलनीत बोभाटा होईल. आमचं नाव —

मी म्हटलं, “नाई बा. आमच्या वेळी तं नव्हती. आम्ही तिकडं झाडं लावलीच नव्हती न.”

झाडं लावली नव्हती हे खरं होतं. नुसतं खोटं बोलले असते तर कदाचित पचलं नसतं; त्या खऱ्या वाक्यानं ते पचवलं. “पाह्य! मी काय सांगून राह्यलो होतो?” संजय तिच्यावर गरजला. तिनं मान खाली घातली. वर आल्यावर तिनं माझी ओटी भरली, पाया पडली. मी पदर पसरून ओटी घेतली. लाज? होती ना. पण पदर पुढे केलाच.

दुसऱ्याच दिवशी तिनं सगळी झाडं उपटली, हे शेजारणीकडून कळलं. पावसाळा तेव्हा सरतच आला होता, भिंत आपोआप सुकत गेली. झाडं गेली, ओल गेली. आणखी कुणाला काय पुरावा हवा? त्या थंडीत माय गेली. म्हातारी होती, दमा आधीपासून होता — असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. संजयनं तळघराला कुलूप लावलं, त्यानंतर तिथं कोणी उतरलं नाही. त्याला आता कितीतरी वर्षं झाली.

गेल्या महिन्यात एका लग्नात सुनंदा भेटली. केस पिकलेत तिचे. मला बाजूला घेऊन बसली. सासूचा विषय निघाला आणि तिचे डोळे भरले. “माह्या हौसेपायी माय गेली, काकू. हे अजूनबी बोलून दाखवतात. तुम्ही तं तवाच सांगतलं होतं, झाडायनं होते म्हणून.”

आता तरी बोलायचं होतं ना? संजय नव्हता तिथं. पैसे मागायला कुणी येणार नव्हतं. काहीच जाणार नव्हतं माझं, तिच्या डोळ्यांतली माझी किंमत सोडून.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, “नको रडू, पोरी. तू काई जाणूनबुजून नाई केलं.”

तिनं डोळे पुसले. म्हणाली, “तुमच्याशी बोललं की बरं वाटते काकू.” मग पंगत बसली. तिनं माझ्यासाठी शेजारची जागा धरली, आणि मी तिथं बसून जेवले.