सात नंबरचा जोड

आमचे दाजी माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी पाहतात. आधी पाय. ताईशी त्यांचं लग्न ठरल्यावर ते पहिल्यांदा मला भेटले, तेव्हा बोलताना सबंध वेळ त्यांची मान खाली. मला वाटलं, काय लाजाळू माणूस आहे! लाजाळू कसला, ते माझी चप्पल न्याहाळत होते. निघताना म्हणाले, "तुमची डावी टाच जास्त झिजलीय. पिशवी रोज एकाच खांद्याला अडकवता का?" मी कपाळाला हात लावला. ताईकडे पाहिलं तर ती पदराआड हसत होती.

दाजी चौकातल्या मोठ्या बुटांच्या दुकानात विक्रेते आहेत. गिऱ्हाइकाचा पाय ठेवायला उतरती फळी असलेलं बुटकं स्टूल, खिशात टाच बुटात सरकवायचं पितळी शू-हॉर्न आणि तोंडात ठरलेलं वाक्य: "बसलेला पाय खोटं बोलतो. उभे राहा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या." गिऱ्हाईक म्हणालं, 'थोडा घट्ट आहे, पण वापरून सैल होईल,' की हे डबा बंद करून मोकळे. घट्ट जोड त्यांनी कुणाला विकला नाही. मालक आतल्या आत दात-ओठ खायचे, पण तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी अख्खं घर घेऊन येई, म्हणून गप्प बसायचे.

त्या दुकानाची एक रीत होती. शोकेसमध्ये मांडायला येणारा जोड नेहमी लहान मापाचा, पुरुषांचा सात नंबर आणि बायकांचा चार. लहान जोड काचेत नाजूक दिसतो म्हणे. हंगाम बदलला की ते जोड विक्रेत्यांना मिळायचे, आणि पहिली निवड सगळ्यात जुन्या माणसाची. विक्रेत्याच्या पायात दुकानाचाच माल हवा, असा मालकांचा दंडक. दाजींच्या लेखी तो मानाचा जोड होता. नोकरीला लागले त्या वर्षी पहिला मिळाला, तो त्यांनी लाकडी साच्यावर ताणून पायात घातला आणि ताठ मानेने घरी आले. तेव्हापासून त्यांच्या पायात सात नंबर. विचारलं तर म्हणायचे, "माझा पाय सातचाच."

बायकांच्या जोडांतला एक दर हंगामाला ताईसाठी यायचा. ती शाळेत शिकवते, दिवसभर फळ्यापुढे उभी, तेव्हा पुढून बंद, नीटनेटका जोड तिला लागायचाच. एकदा माझ्यासाठीही आणला. मी पाय घातला आणि तिथल्या तिथे काढून त्यांच्या हातात दिला. "दाजी, हा बाहुलीला द्या." मेहुणीला कसली भीड? ताई मात्र प्रत्येक जोड कौतुकाने पुसून फळीवर ठेवायची. कुठेही गेली की बसल्या बसल्या आधी पाय मोकळे करायची, आणि मी तिला चिडवायचे, "आली बाई, लगेच अनवाणी!"

तर दाजींचा पाय दुखायला लागला. लागला म्हणजे काय, दुखत होता किती वर्षं कुणास ठाऊक, लपवणं आता जमेना. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं, लालभडक. अंगठा शेजारच्या बोटावर चढू पाहतोय, आणि बाकीची बोटं आकसून वाकलेली. वाकलेल्या बोटांच्या टोकांवर कुरूपं. ती ते न्हाणीघरात बसून दाढीच्या ब्लेडने तासायचे. ताई ओरडायची, ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मग गरम पाण्यात मीठ, मग तेल. शेजारचे काका म्हणाले, 'वाताचं आहे, आंबट सोडा.' आंबट सोडलं. पाय तसाच, वर जेवण बेचव.

मग एका दुपारी मालकांनी त्यांना बाजूला घेतलं. माणूस वाईट नाही, पण दुकानदार. म्हणाले, "लंगडणाऱ्या माणसाकडून बूट कोण घेणार, तुम्हीच सांगा. पुढच्या हंगामापर्यंत पाय सुधारला तर ठीक, नाहीतर वरच्या गोदामात बसा. पगार तोच."

मी त्या रात्री ताईकडेच होते. घरी येऊन दाजी जेवले नाहीत. गोदामात डबे असतात, पाय नसतात. त्या बुटक्या स्टुलावरून उठवलं तर हा माणूस वाळून जाईल, हे मला त्यांच्याकडे बघूनच कळलं. पण माझी रीत अशी, की वाईट वाटलं की मी भांडते. "उद्या डॉक्टरकडे चला," म्हटलं.

"ते हाड कापतील."

"कापू देत की! रोज ब्लेड घेऊन बसता ते काय करता मग?"

ताई म्हणाली, "अहो, जाऊन तर या." तिला शाळा होती, म्हणून मी गेले. खरं तर ते वाटेतून पळतील म्हणून गेले.

हाडांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला शांत. आधी त्यांनी ब्लेडची हकिगत ऐकली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे आजपासून बंद. जखम चिघळली तर बोट गमवाल, आणि साखर असेल तर जास्तच." साखर तपासायला सांगितली. मग अंगठा हळूच सरळ करून पाहिला, तळवा दाबला, चालायला लावलं. दाजी चांगलं चालण्याची पराकाष्ठा करत होते, आणि बाई म्हणाल्या, "परीक्षा नाहीये काका, घरी चालता तसं चाला."

"घरात कुणाचे पाय असे होते?"

"आईचे."

"म्हणजे कल घरातूनच आलाय. पण कल असला म्हणून पाय इतका बिघडत नाही." त्यांनी दाजींचा बूट उचलला, आतला सुकतळा ओढून काढला आणि जमिनीवर ठेवला. "यावर उभे राहा. दोन्ही पायांवर सारखा भार द्या."

स्वतःचंच वाक्य ऐकून दाजी चपापले. उभे राहिले. अंगठा सुकतळ्याच्या बाहेर, करंगळी बाहेर, टाचसुद्धा मागून डोकावतेय.

"कितीचा बूट घालता?"

"सात," दाजी म्हणाले, पण आवाज गिऱ्हाइकाचा.

"पाय नऊचा आहे. त्यातही रुंद. वयाबरोबर पाय पसरतो, हे तुम्हाला मी काय सांगणार!"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला हसू आवरेना, आणि दाजींचा चेहरा पाहून हसल्याची लाजही वाटली.

बाईंनी सगळं सरळ सांगितलं. वळलेलं हाड आपोआप जागेवर जात नाही. पण बोटांना जागा मिळाली की दुखणं बहुतेक वेळा उतरतं. पुढून रुंद, टाचेला घट्ट धरणारा बूट. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये मऊ गादी. तळव्याला आधार देणारा सुकतळा. पोटरी ताणायचा आणि बोटांनी फडकं गोळा करायचा व्यायाम. कुरूपं त्या स्वतः साफ करणार. हे सगळं नीट करूनही दुखत राहिलं, तर शस्त्रक्रियेचा विचार, आधी नाही. बूट घ्यायचा तो संध्याकाळी, दिवसभराने पाय फुगलेला असतो तेव्हा. हे शेवटचं दाजींनी बाईंच्याबरोबरच पुटपुटलं.

अवघड काम पुढेच होतं. मानाचा जोड नाकारायचा कसा? दाजींनी मालकांकडे जन्मात काही मागितलं नव्हतं. ते दोन दिवस तोंड उघडेनात, तेव्हा मी म्हटलं, "मी येऊ का सांगायला?" त्या धाकाने गेले बिचारे. मालकांसमोर त्यांनी सुकतळा ठेवला आणि त्यावर उभे राहिले.  मालकांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "अहो, मग इतकी वर्षं सांगायचं नाही का?" आणि रॅकवरून नऊ नंबरचा रुंद जोड स्वतः काढून आणला.

मग घरात फडक्याचा खेळ सुरू झाला. दाजी खुर्चीत, खाली फडकं, आणि बोटं ते ओढायला बघताहेत. पहिल्यांदा फडकं हलेना. मी म्हटलं, "दाजी, रागवा त्याच्यावर." हळूहळू फडकं गोळा होऊ लागलं, लाली ओसरली. हाड आहे तसंच आहे, पण लंगडणं गेलं. हंगाम बदलला, तेव्हा मालकांनी नुसतं त्यांच्या चालीकडे पाहिलं आणि मान हलवली. स्टूल राहिलं. त्या दिवशी मी मुद्दाम गोड करून घेऊन गेले, आणि जरा रडलेही, सांगायला लाज कसली.

हंगाम बदलला म्हणजे शोकेसही बदललं. सवयीने दाजींनी ताईसाठी चार नंबरचा जोड आणला होता. आम्ही बसलो होतो, आणि ताई शाळेतून आली, खुर्चीत टेकली, नेहमीसारखे पाय मोकळे केले. मी चिडवायला तोंड उघडलं आणि दाजींकडे लक्ष गेलं. ते ताईच्या काढून ठेवलेल्या बुटाकडे पाहत होते. मग उठले, त्यातला सुकतळा ओढून काढला आणि तिच्यापुढे जमिनीवर ठेवला.

"उभी राहा."

"राहू द्या हो. मला कुठे दुखतंय?"

"दोन्ही पायांवर. सारखा भार दे."

ती उभी राहिली. तिचीही बोटं सुकतळ्याबाहेर. मला पाहवेना. मी रोज चिडवत होते ते हेच.

दाजी तिथेच फरशीवर बसले. म्हणाले, "का नाही बोललीस?"

"तुम्ही किती हौसेने आणायचात," ताई म्हणाली. "पहिल्या वेळी तर दारातूनच हाका मारत आला होतात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते तिला दुकानात घेऊन गेले. मीही गेले. तिला गिऱ्हाइकाच्या बाकावर बसवलं, आपण बुटक्या स्टुलावर बसले आणि तिचा पाय उतरत्या फळीवर घेतला. अंगठ्याच्या मुळाशी तिचंही हाड बाहेर येऊ लागलं होतं. त्यावर त्यांनी हात ठेवला.

"काय माप आलं?" ताईने विचारलं.

गावातल्या अर्ध्या लोकांचं माप तोंडपाठ असलेला तो माणूस; बायकोचं मात्र कधी घेतलंच नव्हतं. माप घ्यायला तिला उभं करायचं होतं, पण पायावरचा हात त्यांनी काढला नाही, आणि मान वर केली नाही.