रमणकाकांचं मोठ्यानं वाचणं

रमणकाकांनी सांभाळलं म्हणून मी सिल्वासात टिकलो. परवा नातीनं ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि त्या वासासरशी आमच्या बसमालकाच्या ऑफिसातला ड्युटीचा फळा डोळ्यांपुढे आला.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्याकडचा, सहावीत शाळा सोडलेला नवा ड्रायव्हर. फळा लिहायचे गुजरातीत. पहिल्याच आठवड्यात मला माझं नाव ओळखता आलं नाही. मी खोलीवर जाऊन झोपलो आणि नाशिकची गाडी प्रवाशांसकट उभी राहिली. "पुन्हा झालं तर गावाला जा," मालक म्हणाले. गुजराती वाचता येत नाही, हे सांगायची लाज वाटली.

दुसऱ्या सकाळी रमणकाका, आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर, चहाची बशी घेऊन फळ्यासमोर उभे राहिले आणि मोठ्यानं वाचू लागले. "सुरत, नटुभाई. माहेर!" संध्याकाळी परत येणाऱ्या गाडीला आम्ही माहेर म्हणायचो आणि तीन दिवसांच्या फेरीला वनवास. "पुणे, वनवास. कोण? आपला खानदेशी!"

"काका, आम्हाला डोळे आहेत हो," नटुभाई हसला.

"मला कमी दिसतं बाबा. मोठ्यानं वाचलं की बरं पडतं."

तेव्हा मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं. माझी लाज त्यांनी स्वतःवर घेतली होती, हे फार उशिरा कळलं. त्यांच्या मागे रोज उभं राहून वर्षभरात मी ती अक्षरं शिकलो.

आता काकांना खरंच दिसत नाही. एक दिवस टोकरखाड्याला त्यांच्या घरी जाईन, त्यांच्या शेजारी बसेन आणि गुजराती पेपर मोठ्यानं वाचेन. विचारलं तर सांगेन, मला असंच वाचायला बरं पडतं.